मनू येणार म्हणून झाडलेलं घर

चिक्कडपल्लीच्या त्या गल्लीत इंदुताई बिरादारांच्या घरी पहिल्यांदा जाणारा माणूस दाराशी चपला काढतो, एक पाऊल आत टाकतो आणि तिथंच थबकून आपले तळपाय बघतो. घर तसं लहानच, पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पण फरशी अशी लख्ख की तिच्यावर पाय द्यायची लाज वाटावी. गॅसवाला सिलेंडर उंबऱ्यातच ठेवून पळतो. वीज मंडळातून निवृत्त झालेले अप्पाराव स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरतात आणि पेपर वाचून झाला की घडी घालून होता तिथं ठेवतात. न ठेवून सांगतात कुणाला?

इंदुताई मूळच्या भालकीच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन हैदराबादेत आल्या, तेव्हा त्यांना ना तेलुगू येत होतं ना इथली हिंदी. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. अहो, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं! त्या न बोलण्याचा चटका इंदुताईंच्या मनाला जो बसला तो बसलाच. पुढं सासूबाई गेल्या, ते कपाटही भंगारात गेलं. पण चव्वेचाळीस वर्षांत त्या घरात पुन्हा कुणाच्या बोटाला धूळ लागली नाही.

त्यांचे नियम ठरलेले होते. दिवेलागणीला केरसुणी हातात घ्यायची नाही. घरातून कुणी बाहेर पडलं की त्याच्या पाठोपाठ झाडायचं नाही. आणि कुणी येणार असेल, तर त्याच्या आधी घर झाडून झालेलं पाहिजे म्हणजे पाहिजेच. मीटर बघायला येणारा असला तर एक हात, नात्यातलं कुणी असलं तर दोन हात. आणि नात येणार असली की मग तर विचारूच नका.

नात म्हणजे मृण्मयी, घरची मनू, सहा वर्षांची. इंदुताईंच्या एकुलत्या एका मुलाची एकुलती एक लेक. मुलाचं कागदोपत्री नाव विवेक, ऑफिसात चाळीस माणसं त्याच्या हाताखाली. पण चिक्कडपल्लीत तो अजून बबलूच. तो राहतो कोंडापूरला, चौदाव्या मजल्यावर. त्याची बायको वैशाली पुण्याची, तीही सॉफ्टवेअरमध्ये. महिन्यातून एखाद्या रविवारी तिघं चिक्कडपल्लीला येत. मनू अकरा वाजता येणार म्हटलं, की इंदुताई पहाटे पाचलाच पदर खोचून उभ्या. आधी सगळ्या खिडक्या बंद, कारण बाहेर रस्त्याचं काम आणि त्याची धूळ. मग पंख्याची पाती, मग पडदे झटकायचे, मग कोपरान्कोपरा केरसुणीनं. शेवटी गाद्या. त्या गॅलरीत नेऊन झोडपाव्यात, तर खाली, तळमजल्यावरच्या कुसुमताईंचे कपडे वाळत घातलेले असतात. दुसऱ्याच्या धुतलेल्या कपड्यांवर आपली धूळ पाडायची? छे! म्हणून इंदुताई गाद्या खोलीतच, पलंगावरच, वेताच्या छडीनं झोडपायच्या. शेवटची गादी साडेदहाला व्हायची. मग घाईघाईनं आंघोळ, आणि मनू आली की "थांब गं सोन्या, आजी घामेजलीय, आलेच हं," असं मोरीतूनच ओरडायचं.

मनूला एकदा शाळेत बाईंनी विचारलं, तुझी आजी काय करते? मनू म्हणाली, "माझी आजी बिझी असते." बबलूनं हे हसत हसत सांगितलं, आणि इंदुताईही हसल्या.

आता मुद्द्याचं. मनूला बाळदमा होता. कोंडापूरला ती ठणठणीत असायची. चिक्कडपल्लीला आली की तासाभरात तिची छाती वाजायला लागायची. मग वैशाली निळ्या पिशवीतून वाफेचं यंत्र काढायची, मनूच्या तोंडावर तो मास्क लागायचा, आणि इंदुताई दाराला टेकून उभ्या राहायच्या. दिवाळीला तर कहरच झाला. लक्ष्मीपूजनासाठी इंदुताईंनी घर दोन दिवस असं काही काढलं होतं, की कुसुमताई खालून बघायला आल्या. पाडव्याच्या दुपारी मनूला दवाखान्यात न्यावं लागलं. लेकराची मान खेचत होती, फासळ्या दिसत होत्या. त्या दिवशी इंदुताईंनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

त्यानंतर फक्त एकदाच मनू धडधाकट राहिली, आणि ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. फेब्रुवारीत बबलू आणि वैशालीला नल्लाकुंट्याला कुणालातरी भेटायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून आधी न कळवताच मनूला आजीकडं सोडून गेले. इंदुताई तापानं फणफणल्या होत्या, दोन दिवस केरसुणीला हात लावला नव्हता. मनू त्यांच्याच शेजारी, त्याच न झटकलेल्या गादीवर तीन तास ढाराढूर झोपली, उठून पोहे खाल्ले आणि हसत गेली. इंदुताईंना त्या भेटीची आठवण राहिली ती फक्त लाजेची. सून आली आणि घर पारोसं होतं!

मार्चमध्ये बबलूचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, तेव्हाच इंदुताईंनी ओळखलं.

"आई, या सुट्टीत मनू तिकडं राहायला नको. डॉक्टर म्हणतात, धुळीचं आहे. तू आणि बाबाच इकडं या ना आठ दिवस."

"धूळ? माझ्या घरात?"

"तसं नाही गं आई..."

"तसंच आहे. स्पष्ट म्हण ना, वैशाली म्हणाली म्हणून."

बबलूनं विषयच बदलला. मग म्हणाला, "एक चांगलं व्हॅक्यूम क्लीनर घे. पक्कं बघून, टिकाऊ. ते वापरून फरक पडतो का बघू. मग मे महिन्यात मनू पंधरा दिवस तुझ्याकडं. माझा शब्द."

इंदुताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदाव्या मजल्यावरच्या पोरीनं आपल्याला स्वच्छता शिकवायची! दोन दिवस त्या वैशालीवर धुसफुसत होत्या, भांडी आपटत होत्या. तिसऱ्या दिवशी मात्र मनूची बाहुली कपाटात सापडली, एक डोळा उघडा आणि एक बंद, आणि बाईंचं अवसान गळालं. त्या बाहुलीला मांडीवर घेऊन बसल्या. मनू आता कधी इथं झोपणारच नाही का?

"अहो," त्या अप्पारावांना म्हणाल्या, "ते मशीन आणायचं. पण फालतू नको. मला पटलं तरच."

"हौ," अप्पाराव म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं हेच उत्तर सगळ्यात टिकाऊ ठरलं होतं.

पहिला आला तो कंपनीचा माणूस, गळ्यात टाय, हातात भलीमोठी बॅग. दहाला येणार होता. साडेनऊपर्यंत इंदुताईंनी घर दोनदा झाडून, कोपरे पुसून, सोफ्याला धुतलेली खोळ चढवून ठेवली होती. परका माणूस येणार आणि घर तसंच? त्यानं मशीनच्या नळीला काळं कापड लावलं, फरशीवरून फिरवलं, सोफ्यावरून फिरवलं आणि कापड मोठ्या तोऱ्यात वर धरलं. कापड जसंच्या तसं. त्यानं पुन्हा फिरवलं. पुन्हा काही नाही. बिचाऱ्याला घाम फुटला.

"अम्मा, ये घर है कि हॉस्पिटल? एक बाल भी नै मिल रा."

"गादी पे लगाऊं?" असं त्यानं विचारल्यावर मात्र इंदुताईंनी त्याला दारच दाखवलं. परक्या पुरुषानं बिछान्याला हात लावायचा म्हणजे काय! तो गेल्यावर त्या अप्पारावांना म्हणाल्या, "बघितलंत? एवढं घरभर फिरलं, चिमूटभर धूळ नाही उचलली. कुचकामी आहे मशीन."

"अगं, पण धूळ होती कुठं?"

"तुम्ही गप्प बसा."

दुसरं मशीन बबलूनं पाठवलं, आठ दिवस वापरून बघायला. गोल, चपटं, आपलं आपण फिरणारं. इंदुताईंनी ते सुरू करण्याआधी घर झाडून घेतलं, कारण त्यांच्या मते नवं यंत्र घाणीत घालणं बरं नव्हे. ते तासभर फिरलं, उंबऱ्याला अडकलं, मागं आलं, पुन्हा अडकलं. अप्पारावांना त्याची दया आली. त्यांनी गुपचूप मूठभर चुरमुरे त्याच्या वाटेवर टाकले. ते इंदुताईंनी पाहिलं.

"दोघं सारखेच," त्या म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून तुमचंही हेच चाललंय. या खोलीतून त्या खोलीत."

तेही परत गेलं. तिसरं एका दुकानात जाऊन बघितलं, त्याच्या आवाजानंच अप्पाराव दोन पावलं मागं सरले. एप्रिल अर्धा संपला. बबलू फोनवर विचारायचा, "घेतलं का?" आणि इंदुताई म्हणायच्या, "एकही धड नाही रे. कशातच काही येत नाही." सुट्ट्या लागल्या. मनू फोनवर म्हणाली, "आजी, मी कधी येऊ?" त्यावर इंदुताईंनी "येशील गं, येशील," म्हणून फोन अप्पारावांच्या हातात कोंबला आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

शेवटी अप्पारावांनीच नामदेवरावांचं नाव काढलं. नामदेवराव मूळचे देगलूरकडचे. गौलीगुड्यात बस स्टँडच्या मागं त्यांचं दुरुस्तीचं दुकान. मिक्सर, पंखे, व्हॅक्यूम क्लीनर, सगळ्यांच्या मोटारी तिथं उघड्या पडलेल्या असतात. नवं काही विकत नाहीत, त्यामुळं खरं सांगतात. अप्पाराव आणि इंदुताई तिथं गेले तेव्हा म्हातारबुवांनी चष्मा कपाळावर सारला आणि सगळं ऐकून घेतलं. नात, दमा, तीन मशिनं, सगळं.

"पक्कं मशीन म्हणजे काय, सांगू का ताई?" ते म्हणाले. "जे बिघडून माझ्याकडं आलं तरी दुरुस्त होऊन जातं, ते पक्कं. ज्याचा फिल्टर अन् पिशवी पाच वर्षांनीसुद्धा कोठीच्या बाजारात मिळते, ते पक्कं. बाकी नुसती रंगरंगोटी. गुरुवारी दहाला दोन मशिनं घेऊन घरी येतो. तुम्हीच बघा. पण एक करा. घर आहे तसं ठेवा. झाडू नका."

"बरं," इंदुताई म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, गावाकडचा वडीलधारा माणूस पहिल्यांदा घरी येणार, आणि इंदुताई घर न झाडता बसतील? गुरुवारी पहाटे त्या उठल्या, थोडा वेळ हात बांधून बसल्या, मग उठल्याच. खिडक्या बंद. पडदे. फरशी. बुवांनी गादीचं काढलं तर, म्हणून गाद्याही झोडपल्या. साडेनऊला सगळं संपलं. दहाला बेल वाजली.

नामदेवरावांनी चपला काढल्या, एक पाऊल टाकलं आणि आपले तळपाय बघितले. मग इंदुताईंकडं बघितलं. त्यांनी दोन्ही मशिनं जमिनीवर ठेवली. एक नवं चकचकीत, स्वस्तातलं, आणि एक जुनं, जड, पिशवीवालं.

"ताई, मूठभर ज्वारीचं पीठ द्या. अन् एक काळं फडकं, ओलं करून."

पेपरवर पीठ पसरलं. नामदेवरावांनी चकचकीत मशीन लावलं. पीठ क्षणात गायब. इंदुताई म्हणाल्या, "हे चांगलंय की!" तेव्हा त्यांनी मशीनच्या मागून, जिथून हवा बाहेर पडते तिथं धरलेलं ओलं फडकं दाखवलं. फडक्यावर पांढरी साय धरली होती.

"बघा. पुढून खातंय अन् मागून ओकतंय. जाडं पोटात, बारीक हवेत. तुमच्या नातीला त्रास कशाचा होतो? बारीकाचा."

मग जुनं मशीन. पुन्हा पीठ, पुन्हा फडकं. या खेपेला फडकं काळंच्या काळं.

"याची पिशवी बघा आता, आत काही नाही ना? नवीच घातली. चला, गादीला लावू द्या." आणि इंदुताईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मी मोठ्या भावासारखा आहे, ताई. अन् गादी तुमच्या हातानं उलटी करा, मी फक्त नळी फिरवतो."

इंदुताईंनी मुकाट्यानं गादी उलटी केली. पाच मिनिटं नळी फिरली. नामदेवरावांनी पिशवी काढून पेपरवर झटकली, आणि करड्या रंगाचा, मैद्यासारखा बारीक ढीग पडला. आत्ता तासाभरापूर्वी जीव खाऊन झोडपलेल्या गादीतून! इंदुताईंचा चेहरा पडला. सासूबाईंचं ते बोट जणू पुन्हा समोर आलं. त्या चिडून म्हणाल्या, "मी सकाळीच झटकलीय ती. तुमच्या मशीनचंच असेल काहीतरी."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

"साडेनऊपर्यंत. घरही दोनदा झाडलं. तुम्ही येणार म्हणून."

"मी तर आहे तसं ठेवा म्हणलो होतो."

"आहे तसं कसं ठेवायचं?"

नामदेवराव हसले नाहीत. खोकले, आणि खोकताना त्यांनी खिडकीची एक झडप उघडली. खोली बंद होती, गरम होत होतं. बाहेरचं ऊन तिरकं आत आलं, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ दिसली. थोडीथोडकी नाही, पट्टा भरून, दाट, हळूहळू गरगरत असलेली धूळ. फरशी लख्ख होती. धूळ सगळी वर होती.

"केरसुणीनं जाडी धूळ जाते, ताई," नामदेवराव म्हणाले. "बारकी वर उडते. खिडक्या बंद असल्या की जायची कुठं? घरात कोणी नसलं तर चार-सहा तासांनी गपचूप खाली बसते. कोणी असलं की त्याच्या छातीत जाते. मला हे पुस्तकात वाचून नाही कळलं. तीस वर्षं मशिनींतला कचरा झटकला, मग खोकून खोकून कळलं."

इंदुताई त्या उन्हाकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोक्यात एकेक रविवार उलगडत होता. साडेदहाला शेवटची गादी, अकराला मनू. दिवाळीला दोन दिवस घर काढलं, आणि पाडव्याला लेकरू दवाखान्यात. आणि तो फेब्रुवारी! आपण तापात पडून होतो, काहीच झाडलं नव्हतं, आणि मनू तीन तास शांत झोपली. ज्या दिवसाची लाज वाटली, तोच एक दिवस तिला धड श्वास घेता आला होता.

त्या पलंगावर बसल्या.

"अहो," त्या अप्पारावांना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओळखू येईना, "म्हणजे मीच. मीच उडवत होते ती. तिच्यासाठी म्हणून." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. तशा त्या सासूबाई गेल्या तेव्हाही रडल्या नव्हत्या.

नामदेवराव मशीनची वायर गुंडाळायला लागले. एकदा गुंडाळून झाली होती, ती सोडून पुन्हा गुंडाळली. अप्पाराव बायकोच्या शेजारी बसले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. छडी धरून धरून तळव्यावर घट्टा पडला होता, त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"तुला काय माहीत होतं?" ते शेवटी म्हणाले. "कुणालाच माहीत नव्हतं की."

दुपारी इंदुताईंनी स्वतः फोन लावला. बबलूला नाही, वैशालीला. हे काही सोपं नव्हतं बरं का. महिनाभर मनात जिला नाही नाही ते बोललो, तिलाच सांगायचं की चूक माझी होती, याला छाती लागते. इंदुताईंनी सगळं सांगितलं, गादी, छडी, बंद खिडक्या, ऊन.

"आई," वैशाली म्हणाली, "तुमचं घर माझ्या घरापेक्षा दहापट स्वच्छ आहे. म्हणूनच तर मला कळत नव्हतं, मनूला तिथंच का त्रास होतो. मला वाटायचं, मी तिला तुमच्यापासून तोडतेय. रात्र रात्र झोप लागायची नाही मला." आणि तीही रडायला लागली. दोघी फोनवर रडत बसल्या, आणि अप्पारावांनी शहाणपण करून गॅलरीत जाऊन उभं राहणं पसंत केलं.

मशीन आलं. तसलंच जड, पिशवीवालं, नामदेवरावांनी नवं मागवून दिलेलं. दिसायला अगदी रुक्ष. त्यावर ना दिवे ना गाणी. ते कसं वापरायचं हे शिकायला इंदुताईंना दोन दिवस लागले. पण काही न करणं शिकायला त्यांना जे कष्ट पडले, ते काय सांगावेत! ठरलं ते असं: मनू रविवारी येणार. तर गुरुवारी मशीन, खिडक्या उघड्या टाकून, गाद्या, पडदे, सगळं. शुक्रवारी ओल्या फडक्यानं फरशी. शनिवारी काही नाही. रविवारी तर अजिबातच काही नाही.

छडी त्यांनी अप्पारावांच्या हवाली केली. "कुठं ठेवलीत ते मला सांगू नका," म्हणाल्या. केरसुणीही शनिवारी सकाळी कुसुमताईंकडं ठेवायला दिली. कुसुमताईंना वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय.

रविवारी पहाटे पाचला इंदुताई उठल्या आणि काय करावं हे त्यांना कळेना. आंघोळ केली. पूजा केली. सात वाजता त्या पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसल्या. कोपऱ्यात कढीपत्त्याचं एक वाळकं पान पडलं होतं. त्यांनी ते पाहिलं, पाहिलं, आणि मान फिरवली. आठला पुन्हा पाहिलं. साडेनऊला त्या उठल्या, ते पान हलकेच चिमटीत उचललं आणि मोरीत टाकून हात धुऊन परत बसल्या. एवढं चालतं.

अकराला बेल वाजली. इंदुताई स्वतः दार उघडायला गेल्या, कोरड्या साडीत, केस विंचरलेले, हात मोकळे. मनू दारात थबकली. तिला मोरीतून येणाऱ्या आवाजाची सवय होती.

जेवण झालं. दुपारी मनू गादीवर आडवी झाली आणि इंदुताई शेजारी बसून तिच्या छातीकडं बघत राहिल्या. वर, खाली. वर, खाली. आवाज नाही. वैशाली दाराला टेकून उभी होती, तिथंच, जिथं एरवी इंदुताई उभ्या राहायच्या. निळी पिशवी तिनं हातात धरली होती, पण तिची चेन उघडली नव्हती. अर्धा तास गेला, तास गेला. तेव्हा वैशालीनं पिशवी हळूच कपाटावर ठेवली आणि सासूच्या पायाशी येऊन बसली.

संध्याकाळी बबलू आणि वैशाली निघाले. मनूचे कपडे, तिची उशी आणि पंधरा दिवसांचं सामान मागं राहिलं, मनूसकट. दार लागलं. मनू बिस्किटं खात घरभर फिरत होती आणि तिच्यामागून फरशीवर चुऱ्याची लांबलचक रेघ उमटत होती, स्वयंपाकघरापासून थेट पलंगापर्यंत. इंदुताईंनी ती रेघ पाहिली. त्यांचा हात आपसूक दारामागच्या खुंटीकडं गेला, जिथं केरसुणी असते. खुंटी मोकळी होती. हात तसाच हवेत राहिला.

मनूनं ते पाहिलं. बिस्किटाचा उरलेला तुकडा हातात धरून ती म्हणाली, "आजी, तू बिझी आहेस?"

इंदुताईंनी हात खाली घेतला, त्या चुऱ्यातच फतकल मारून बसल्या आणि मांडी थोपटली.

"नाही गं माझे बाई," त्या म्हणाल्या. "मला काही काम नाही. ये."